सात नंबरची घंटा

३ तारीख, सोमवार
इस्पितळाच्या संगणक विभागात आज रुजू झाले! ताई इथेच वॉर्डात नर्स. तिच्याच शब्दावर मला घेतलं. खिडकीशी टेबल मिळालं, चहाही बरा आहे. पेशंटने खाटेवरचं बटण दाबलं की नर्सच्या मोबाइलवर घंटा वाजते, ती यंत्रणा मी सांभाळायची. तो प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालतो. चालू डब्यात शेल, म्हणजे थेट आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून आत हात घालायचा नाही, बदल आधी बाहेर तपासायचा, असं साहेबांनी दोनदा बजावलं.

६ तारीख
सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा उठसूट बटण दाबतात. त्यांना नुसतं बोलायला माणूस हवं असतं. ताईचा जीव मेटाकुटीला आलाय. साहेब रजेवर. मी शेल उघडलं, आत शिरले आणि एका ओळीत सातची घंटा बंद केली. घटकाभरच. संध्याकाळी ताई म्हणाली, आज आजोबा शहाण्यासारखे गप्प होते. मी गालातल्या गालात हसले.

७ तारीख
चालू करायची विसरले.
आजोबा सकाळी ताईच्या पाळीत गेले. श्वास अडकला. शेजारचा पेशंट सांगतो, ते बटण दाबतच होते.
मी डबा मोडून नवा चालू केला. आतला बदल पुसला गेला. घंटा ठणठणीत.

९ तारीख
यंत्रणेत दोष नाही, असं मीच लिहून दिलं. ताईने दुर्लक्ष केलं असं ठरलं; तिला निलंबित केलं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "खरंच नाही गं वाजली. तू तरी विश्वास ठेव."
ठेवते, म्हणाले. कुठल्या तोंडाने म्हणाले?

१० तारीख
नव्या डब्यात काय काय चालू आहे ते पाहिलं. एक शेल उघडं. माझ्या नावाचं, सहा तारखेपासून. पण तेव्हाचा डबा तर मी मोडला होता. बंद केलं. पुन्हा पाहिलं — उघडंच.

११ तारीख
कीबोर्डला हात लावला नव्हता. पडद्यावर अक्षरं उमटत गेली. खाट सात. खाट सात. खाट सात.
वर वॉर्डात जाऊन आले. गादी गुंडाळलेली. बटण काढून नेलेलं.

१२ तारीख
आता माझाच मोबाइल वाजतो. घंटा जाते त्या नर्सच्या यादीत माझा नंबर नाही. ताई समोर बसून भाजी निवडत होती — तिला ऐकू येत नाही.

१३ तारीख
साहेबांना सांगणार. आधी ताईला. दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले —
पुन्हा वाजतोय. ताई उठून आली. कसली घंटा म्हणून विचारतेय. तिलाही —
मोबाइल तिने उचललाय. वाचतेय. माझं नाव, सहा तारीख, सातची घंटा बंद करणारी ती ओळ.
वर पाहिलं तिने.
ताई, मी सांगणारच होते, मी फक्त तुझ्यासाठी —