दहावं कलम आणि गिरजाची जागा

हिंगणघाट, १४ नोव्हें. १९८१
वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधताना एक बातमी सापडली. चार ओळींची, अडीच वर्षांपूर्वीची. लोकांच्या आर्थिक, सामाजिक, सांस्कृतिक हक्कांचा एक जागतिक करार आहे, त्यात भारत सामील झाला. काम, मजुरी, आराम, बाळंतपण, शिक्षण. मी इथे नऊ वर्षं ग्रंथपाल, आणि मला पत्ता नाही! देशाने नेमकं काय कबूल केलं? नागपूरला मामांना कार्ड टाकलं. ते कोर्टात टायपिस्ट आहेत, मिळवतील कुठून तरी.

२ डिसें.
अजून काही नाही. तहसिलीत विचारून आले. बडे बाबू चष्म्यावरून बघत म्हणाले, "असा कागद इथं येत नाई, बाई. आला असता त मी फाईल केला असता." खरंच केला असता त्यांनी.

११ डिसें.
आला! चौदा पानं, मामांनी स्वतः टाईप केलेली. सोबत चिठ्ठी, 'कुसुम, हे कशाला हवं?' काय सांगू. हवं.
डिक्शनरी घेऊन बसले. दुसऱ्याच कलमात अडकले. देशाने हे हक्क 'प्रोग्रेसिव्हली' द्यायचे. म्हणजे क्रमाक्रमाने? हळूहळू?
संध्याकाळी मागच्या खोलीतली गिरजा पाणी भरायला आली, तिला वाचून दाखवलं. ती जिनिंगमध्ये कापसातली कवडी, म्हणजे डागी खराब कापूस, निवडून काढते. सातवा लागलाय. दहाव्या कलमात बाळंतपणाच्या आधी नि नंतर कामकरी बाईला पगारी रजा, असं आहे म्हटलं.
"कधीपासून?"
"हळूहळू."
"म्हंजे माह्यं पोट्टं होईपर्यंत होते का?"
हसू आलं. मग नाही आलं.

१३ डिसें.
शेवटचं पान राहिलं होतं. काही कलमांना आपल्या सरकारने स्वतःचा खुलासा जोडलाय, आम्ही याचा अर्थ असा घेतो वगैरे. दहाव्याला काही जोडलेलं नाही. तीनदा पाहिलं. म्हणजे ते जसंच्या तसं मान्य आहे?

४ जाने. १९८२
मुकादमाने गिरजाला सांगितलं, सोमवारपासून येऊ नको. तुझ्या जागी दुसरी पाहिली आहे. गेल्या साली एका बाईचं असंच झालं, ती मग परत लागलीच नाही.
गिरजा रडली नाही. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, तो कागद घेऊन चालता काय माह्यासंगं?"
मी फक्त वाचत होते. मला भीती वाटली. हो म्हटलं.

६ जाने.
अर्धी रजा टाकून जिनिंगवर. मॅनेजर तरुण, बी.कॉम. उर्मट मुळीच नाही. खुर्ची दिली, चौदाही पानं चाळली, दहावं कलम दोनदा वाचलं.
"यावर सही कोणाची, मॅडम?"
"देशाची."
"मंग मी कोण?"
मग त्यांनीच कपाटातून बाळंतपणाच्या रजेचा आपला कायदा काढला. आधीच्या बारा महिन्यांत एकशे साठ दिवस भरले तरच रजा. हजेरीबुक उघडून दाखवलं. गिरजाचे भरत नाहीत. कोणाचेच भरत नाहीत, हंगामच तेवढा चालत नाही.
गिरजा म्हणाली, "साहेब, मिल तुमी बंद करता आन् दिवस माह्ये कमी पडते?"
मॅनेजरने हजेरीबुक मिटलं.
मग ती म्हणाली, "रजा नाई त नाई. माही जागा ठेवा. तसं लिहून द्या."
ते म्हणाले, मालकाला विचारावं लागेल.

१२ जाने.
वर्ध्याला कामगार खात्यात. अधिकारी सज्जन. कायदा तसाच आहे म्हणाले. करारात दिवसांची अट नाही हेही मान्य केलं. मग सहज बोलून गेले, "सामील झालेल्या देशाले, काय काय केलं त्याचा अहवाल पाठवा लागते."
"कोण लिहितं तो?"
"दिल्लीत कोणीतरी."
एसटीत वायगावपासून हाच विचार. त्या कोणीतरीला हंगामी जिनिंग ठाऊक असेल का?

२० जाने.
कवडी निवडणाऱ्या अकरा बायकांनी अर्जावर अंगठे दिले, गिरजाची जागा ठेवा म्हणून. आणखी दोघींनी सही केली, वेळ लागला पण केली. मॅनेजरने अर्ज घेतला, मालकाकडे पाठवला म्हणाले.

१९ फेब्रु.
गिरजाला मुलगी. दोघी बऱ्या. मालकाचं उत्तर नाही.

८ मार्च
आज पुन्हा गेले. मॅनेजर नजर चुकवत होते. "मी दोनदा लिहिलं, मॅडम. खरंच." विश्वास बसला. त्याने काय होणार.

२४ मार्च
गिरजा परवा कामावर जाते म्हणते. लेकराला पाठीशी बांधून गेटवर उभी राहणार. "आत घेतलं त घेतलं. नाई त इचारीन, काऊन नाई." मी सोबत येऊ म्हटलं तर, "तुमी आपलं त्या दिल्लीवाल्याले लिहा."
म्हणून दोघी बसलो लिहायला, दिल्लीतल्या त्या अहवालवाल्या कोणीतरीला. मी शुद्ध भाषेत सुरुवात केली. हंगामी स्त्री-कामगार, रजेची पात्रता, दहावं कलम. गिरजा मुलीला पाजत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एक आणखी टाका. साहेब, तुमची बाई बाळंत झाली तवा किती दिवस घरी राह्यली?"
"अगं, असं सरकारला विचारत नाहीत."
"काऊन? आपल्या हजेरीबुकातले दिवस त्याईच्या कायद्यानं मोजलेच ना."
मग लिहिलं. तिच्याच शब्दांत, एकही अक्षर न बदलता. खाली तिचा अंगठा, शेजारी माझी सही.
पाकीट उद्या टाकते.