आक्काची किडनी

माधवनगर, सांगली

आक्के,

जालिंदरचा तुझ्या पायाशी नमस्कार. हितं आमी बरी हाय. फोनवर माझ्या आवाजावरनंच तुला सगळं कळतं, म्हणून लिहितोय.

गेल्या आठवड्यात रक्त तपासलं. तू दिलेल्या किडनीत विषाणू सापडलाय. डॉक्टर म्हणाले, हा लहानपणापास्नं कितीकांच्या अंगात झोपलेला असतो. किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या मी खातो, त्यांनी अंगाची ताकद कमी झाली की तो उठतो. तुझ्या किडनीत कसली खोट न्हवती, हे आधी ध्यानात घे.

आता गोळ्या कमी केल्यात. पण लय कमी झाल्या, तर माझंच अंग तुझ्या किडनीला परकी समजून बाद करंल. दोन्हीकडनं भ्या वाटतंय, आक्के. तुझी भावजय रोज माझी लघवी मापात मोजून बघती, आणि मी तिच्या तोंडाकडं बघत बसतो.

दाजींचा गुडघा कसा हाय? कोरेगावच्या रानात आल्याची लावण उरकली का?

एक ऐक. आपरेशननंतर तू माझ्यासाठी निर्जळी सोमवार धरलेस, ते दाजींनी मला सांगितलं. हे पत्र वाचून परत धरशील, म्हणूनच मी आठ दिस गप बसलो. तुझ्याकडंबी आता एकच किडनी राह्यलीया. देवाला काय सांगायचं ते सांग, पण घोटभरबी पाणी सोडू नको.

आपल्या दोघांत मिळून एक तरी धड राहू दे.

तुझा,
जालिंदर