भागी दारात काहून उभी राहते

३ मार्च
शाळेच्या तयारीची सहा कार्डं झाली, सातवं तसंच. जूनमध्ये अंगणवाडीतून पहिलीत जाणारी सात लेकरं. त्यातली सहा घडाघडा बोलून गेली. रंग, आकार, लहान-मोठं, दहापर्यंत मोजणं, सगळं. सातवी भागी. हजेरीत भाग्यश्री आहे, पण त्या नावानं हाक मारली की मागे वळून बघते, कुणाला बोलावलं म्हणून. वर्षभर येते. वर्षभरात माझ्याशी दहा शब्द बोलली असेल तर शपथ.

आज परत बसवलं. दहा मणी ठेवले. किती? मुठीत घेतले आणि गप्प. मग चित्रांचा तक्ता काढला, मुद्दाम तिच्या ओळखीचा. "सांग बरं, किती मेंढ्या?" दोन्ही तळहात चित्रावर ठेवून झाकूनच टाकलं. वर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच वंगाळ बोलले.

कार्डावर लिहिलं, संख्याज्ञान नाही. पेन्सिलीनं लिहिलं. पेन उचलवला नाही.

गोदाआक्का आमची मदतनीस, खिचडी तिच्या हातची, नोकरी माझ्याहून दहा वर्षं जुनी. ती म्हणे, "मुकी न्हाई बाई ती. तुमालाच सांगायचं नसन तिला." घ्या.

५ मार्च
सुपरवायझर मॅडम येऊन गेल्या. कार्डं महिनाअखेर पूर्ण पाहिजेत. एप्रिलात शाळापूर्व तयारीचा मेळावा, तिथं त्या स्वतः तपासणार. "एक मूल कच्चं राहिलं तरी चालेल, पण कार्ड कोरं नको." हे बरं आहे. कच्चं मूल चालतं, कोरं कार्ड चालत नाही.

जाताना रस्त्यात भागीचा आजा भेटला, रखमाजी बाबा. मेंढरंवाले. त्यांनीच विषय काढला. पाऊस लागला की काळ्या रानात चिखल होतो, मेंढरांची खुरं सडतात, म्हणून जूनमध्ये सगळं बिऱ्हाड माळाकडं उठतं. "पोरगी शाळेत बसायजोगी झाली म्हना, तर ठिवतो तिच्या मावशीपशी हितंच. न्हाईतर येईल आमच्यासंग. तुमी सांगाल ते बराबर."

म्हणजे सगळं माझ्या पेन्सिलीवर. एकदा कळपामागे गेलेलं लेकरू पुढच्या वर्षी शाळेत येतं का? मी तरी अजून पाहिलं नाही.

८ मार्च
हे आजच लिहून ठेवायला पाहिजे, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

गृहभेटीला गेले. दिवस मावळतीला आलेला. कुणाच्या तरी काढून झालेल्या हरभऱ्याच्या रानात त्यांचा मुक्काम, भोवती जाळी लावलेली. कळप येऊन राहिला होता. जाळीच्या तोंडाशी भागी उभी. मेंढरं एकेक करून तिच्या अंगाला घासून आत जात होती आणि ती प्रत्येकीच्या पाठीला हात लावत होती. धूळ इतकी की मला पुढचं-मागचं कळेना. सगळी आत गेली. भागी म्हणाली, "घुंगरी न्हाई. तिचं लेकरू बी न्हाई."

बस, एवढंच. बाबांनी काठी उचलली आणि निघालेसुद्धा. खात्री कर, परत बघ, काही नाही. अर्ध्या तासात ओढ्याकडून मेंढी आणि कोकरू घेऊन आले.

मी आ वासून. विचारलं, "बाबा, एकूण किती आहेत?"

बाबांनी जीभ चावली. भागीच्या आईनं कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, "बाई, जितराब मोजू नाई. मोजलं की कमी होतंय. माह्या बापानं मोजलं न्हाई, म्या मोजलं न्हाई."

"मग कोण हरवलं ते कसं कळतं?"

"वळखीचं मानूस घरात न्हाई हे मोजून कळतंय का तुमाला?"

मेंढरं शंभराच्या वर असतील. मनातल्या मनात मोजायला गेले आणि थांबले, आपली नजर लागायला नको. आणि मग ते चित्र आठवलं. किती मेंढ्या, सांग! घरी जी गोष्ट पाप, ती मी खेळ म्हणून करायला लावत होते. लेकरानं मेंढ्या झाकल्या. माझ्यापासून.

१० मार्च
आज दुसरा धक्का. हा जास्त लागला.

भागी रोज सकाळी अंगणवाडीच्या दारात उभी राहते. पोरं आत येतात, ही चौकट धरून तिथंच. वर्षभर मी ओरडते, "आत बस गं, वाट सोड." कधी दंडाला धरून आत ओढलीय. आज काहीच बोलले नाही, नुसतं बघत बसले. येणाऱ्या प्रत्येक लेकराच्या पाठीला ती हात लावते. हलकाच. त्यांना सवय झालीय, ती थांबतात तिच्यासाठी. शेवटचं आत आलं की मगच येऊन बसते.

वर्षभर माझ्या आधी ती हजेरी घेत होती आणि मी तिला रागावत होते. गोदाआक्काला सांगितलं तर म्हणे, "मंग? मला वाटलं तुमाला ठावं हाय."

१७ मार्च
खिचडीच्या वेळेला डोकी मोजली, रोजच्यासारखी. बावीस. रजिस्टरवर बावीस. ताटल्या बावीस. सगळं जुळलं. गोदाआक्का वाढायला लागली.

भागी उठून माझ्याजवळ आली. वर्षभरात पहिल्यांदा आपण होऊन. पदर ओढला. "सम्यक न्हाई."

मी म्हटलं, "असेल गं, बावीस आहेत." तरी पदर सोडेना. "सम्यक न्हाई." मग एकेक चेहरा बघितला. ओळीच्या टोकाला एक अनोळखी पोरगं खिचडी खात बसलेलं. शेजारच्या घरी पाहुणं आलेलं, वास आला तसं येऊन बसलं. माझा आकडा त्यानं पुरा केला होता.

धावले. मागं कालवा, सिद्धेश्वर धरणाचं पाणी परवाच सुटलेलं. सम्यक काठावर बसला होता, पाय खाली सोडून, पाण्यात ढेकळं टाकत. साडेतीन वर्षांचं लेकरू. मागच्या तारेच्या फटीतून गेलेला. उचलला तर हसतोय.

ताटल्या बरोबर, डोकी बरोबर, रजिस्टर बरोबर. आणि लेकरू कालव्यावर.

रडले मी. पोरांसमोर रडले. भागी शांतपणे जाऊन जेवायला बसली, जसं काही घुंगरीच आली परत.

१८ मार्च
मॅडमना स्वतः फोन करून सांगितलं. बोलणी खाल्ली, खायलाच पाहिजे होती. तारेची फट बुजवली. सम्यकच्या आईच्या पाया पडायला गेले, तिनं पडू दिलं नाही. दोघी भागीच्या मुक्कामावर गेलो. बाबा म्हणाले, "त्यात काय येवढं? तिचं कामच हाय ते."

२२ मार्च
पण शाळेत मोजावं लागणार. ते काही टळत नाही. म्हणून बाबांना सरळ विचारलं, काय मोजलं तर चालतं? म्हणाले, "खडे मोजा. चिंचोके मोजा. ज्याच्यात जीव न्हाई ते मोजा. लेकरं नका मोजू." मी म्हटलं, लेकरं मला मोजावी लागतात, नोकरी आहे. तर म्हणे, "म्हनून तर गेलं व्हतं एक." खरंच होतं.

पोरीला जवळ बसवून त्यांनी सांगितलं, "बाईसंग चिंचोके मोजायला हरकत न्हाई." झालं, कुलूपच निघालं! गोदाआक्कानं डबाभर चिंचोके आणले. आणि ही बया एकदमात वीसपर्यंत. कानावर पडून पडून सगळं येत होतं, फक्त परवानगी नव्हती.

मग आपलीच आपण एक खेळ खेळली. एकेक चिंचोका मांडत गेली, ओठ हलत होते. कान लावून ऐकलं. आकडे नव्हते. "काजळी, घुंगरी, मोरी, लंगडीची थोरली..." डबा संपला, नावं संपली नाहीत. अजून चिंचोके मागितले.

ट्रेनिंगमध्ये याला एकास-एक संगती म्हणतात. दोन दिवस आम्हाला ते शिकवलं होतं, चहा-बिस्किटांसकट. माझ्यासमोर एक पोर शंभर नावांची संगती लावून राहिली होती आणि मी तिच्या कार्डावर 'नाही' लिहिलं होतं. खोडलं. पेनानं लिहिलं, आहे.

१४ एप्रिल
जयंती. वस्तीत सकाळपासून निळे झेंडे, स्पीकर. पोरं सगळी पांढऱ्या कपड्यांत. मला माझीच पोरं पाठीमागून ओळखू येईनात. भागी मावशीचं बोट धरून मिरवणूक बघायला आलेली. मी गमतीनं विचारलं, "यातले आपले कोण कोण?" बोट दाखवत गेली, पाठमोऱ्यांकडं. एकही चुकली नाही. मी पळत पुढं जाऊन प्रत्येकाचं तोंड बघून आले. माझा नवरा म्हणे, "हे काय नवीन खूळ?" त्याला काय सांगू.

२३ एप्रिल
मेळावा. रांगोळी, फुगे, फोटो. भागीनं उड्या मारल्या, रंग सांगितले, गोष्ट अर्धीच सांगितली. मोजण्याच्या टेबलावर मॅडम स्वतः. तक्ता पुढं केला. "किती बकऱ्या?" भागीनं हात ठेवले चित्रावर.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. पेन उचलला होता. मी मध्ये पडले. म्हटलं, मॅडम, जिवाचं नका विचारू, चिंचोके विचारा. सगळ्यांसमोर बोलले, आवाज चढला बहुतेक. त्या जरा रागावल्या. मग डबा ओढला आणि ओंजळभर समोर टाकले. भागीनं मोजले. चौतीस. मॅडमनी परत मोजले, त्यांचे तेहतीस भरले. पुन्हा मोजले. चौतीस.

मग मॅडम हळूच म्हणाल्या, "कालव्याच्या वेळची तीच का ही?" मी हो म्हटलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कार्डावर लिहिलं, तयार.

२ जून
कार्ड बाबांना दिलं. वाचता येत नाही त्यांना. उलटं-सुलटं करून बघितलं, पटक्यात खोचलं. खूष होतील असं वाटलं होतं मला.

म्हणाले, "बरं झालं." मग म्हणाले, "पर आता जाळीच्या तोंडाशी कोन ऱ्हाईल हुबं? माहे डोळे अधू झाले. तिच्या मायला निम्मी वळखू येत न्हाईत."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन महिने मी पोरीसाठी शाळा मागत होते, त्यांच्याकडून काय मागते ते बघितलंच नाही. म्हटलं, बाबा, मग? "मंग काय. शब्द दिला न तुमाला." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "साळंत गेल्यावर हे जाईल का हो तिचं? वळखनं?"

मला माहीत नाही. मला मोजता येतं, वयाच्या पाचव्या वर्षापासून. माझ्याच अंगणवाडीत एक पोर कमी आहे हे मला दिसलं नव्हतं. मी म्हणाले, माहीत नाही बाबा. खोटं नाही बोलले.

१५ जून
कळप उद्या पहाटे उठणार. गेले होते. भागी शेवटचं तोंडाशी उभी राहिली. आज हात जरा जास्त वेळ ठेवत होती पाठीवर. मेंढरंही ढकलाढकली करत नव्हती, की मला तसं वाटलं. शेवटची आत गेली. बाबांनी विचारलं, "आली का समदी?" "आली." बाबांनी जाळी लावली. मी तिथं नको होते. पण होते, आणि बरं झालं, होते.

१६ जून
शाळेचा पहिला दिवस. नवा गणवेश, गुलाबाचं फूल, गुरुजींनी औक्षण करवलं. मी अंगणवाडी आक्कावर सोडून अर्धा तास जाऊन आले. भागी रडली नाही.

दुपारी पहिलीच्या गुरुजींचा फोन. चांगला माणूस आहे, नवीन आहे. "ताई, तुमची ती भाग्यश्री आत बसतच नाही. दारात उभी राहते. मधल्या सुट्टीनंतर पण तेच. रागावू का?"

मी म्हटलं, रागावू नका. उभी राहू द्या. सगळी आत आली की तिला एकदा विचारा, कोण नाही. गुरुजी हसले. म्हणाले, "हजेरी घेतो की मी." मी म्हटलं, मी पण घेत होते.

संध्याकाळी मावशी तिला घेऊन आली. जेवत नाही म्हणाली. मी मांडीवर घेतलं. विचारलं, आज्याची आठवण येते? नाही म्हणाली. आईची? नाही. मग काय गं?

"काजळी व्यायला झालीय. तिला लेकरू व्हईल तिकडं."

"होऊ दे की. चांगलं आहे."

"म्या न्हाई तिथं. ते मला वळखीचं नसन. हरवलं तर कुनाला कळंन?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.