शेवटी प्रश्नचिन्ह होतं

इंदिरानगर, नाशिक
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मावशी,

पाया पडते. मी बरी आहे. काकांचा गुडघा कसा आहे? थंडी सुरू झाली, पहाटे मार्केटला निघताना त्यांना पट्टा बांधून जायला सांग. लासलगावात आमच्यापेक्षा गार असेल. ईश्वरीचा खोकला थांबला का, तेही कळव.

देवराममामा मंगळवारी प्रेसवर येऊन पत्रिकेच्या मजकुराचा कागद देऊन गेले. 'फोनवर फोटू धाडला असता तर माझा हेलपाटा वाचला असता. सगळं जग पुढं चाललंय आन् तू लय मागं गेलीस पोरी,' म्हणाले. मी हसले. चहा सांगितला होता, पण त्यांना तीनची गाडी गाठायची होती.

सोबतची तुझी चिठ्ठी वाचली. 'हर्षे, तूच बघून दे. वेलांटी चुकायला नको. लोकांनी नावं ठेवायला नकोत.'

मजकूर बघितला. तारीख आणि वार जुळतात, ३० नोव्हेंबरला रविवारच आहे. नवरदेवाचं 'दीपक' बरोबर आहे. 'आशीर्वाद'मधली शी तू ऱ्हस्व लिहिलीस. आईबाबा सिन्नरच्या कारखान्यात पाळीवर असायचे तेव्हा मी तुझ्याकडे होते आणि तू मला हाच शब्द पाटीवर वीसदा गिरवायला लावला होतास. एकोणिसाव्यांदा चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या हातून तो चुकावा याचा मी दोन दिवस विचार करत होते. लिहिताना तुझं मन तिथे नसेल. किंवा मला तसं वाटून घ्यायचं असेल.

रूपालीचं नाव कुठे नाही. तिच्याच नवऱ्याशी तिच्या सख्ख्या बहिणीचं, स्नेहलचं लग्न, म्हणून पत्रिकेत ते येणार नाही, हे कळतं.

मजकूर मी अजून छपाईला दिलेला नाही. का, ते सांगायला बसले आहे. तीन कागद फाडले, हा चौथा.

मी स्मार्टफोन का सोडला ते तुला कधी नीट सांगितलं नाही. तुम्हाला वाटलं, पैसे वाचवते. तसं नव्हतं. मावशी, मला तो फोन खाली ठेवता येत नव्हता. प्रूफ वाचताना दर दोन ओळींनी हात तिकडे जायचा. कोणी मेसेज वाचून उत्तर दिलं नाही की छातीत धडधडायचं, आपण काय चुकीचं लिहिलं म्हणून आपलेच जुने मेसेज वाचत बसायचे. मार्चमध्ये एका पत्रिकेत मुलीच्या आजोबांच्या नावामागे 'कै.' छापला गेला. आजोबा जिवंत होते, स्वतः काठी टेकत प्रेसवर आले. 'बाई, माझं काय चुकलं?' एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात मी तो फोन विकला आणि बटणांचा घेतला. फोन करायचे ते शनिवार-रविवारी संध्याकाळी. इतर दिवशी फक्त घ्यायचे. असा नियम केला आणि वहीत लिहून ठेवला.

मला खरंच बरं वाटलं. झोप लागायला लागली. हे लिहिणं आज लाजिरवाणं वाटतं, पण खरं आहे.

उन्हाळ्यात आखाजीच्या सणाला मी तुझ्याकडे आले होते, रूपालीही ईश्वरीला घेऊन आली होती. माझा फोन हातात घेऊन ती किती हसली आठवतंय? 'ताई, हे डबडं कुठून आणलंस गं? आता माळ घाल, म्हणजे पूर्ण साध्वी.' स्नेहल म्हणाली, 'साध्वी कुठली, तिला कोणी मेसेज करत नाही म्हणून घेतलंय.' आपण सगळ्या हसलो. तूसुद्धा.

नंतर आम्ही दोघी मागच्या पडवीत कुरडया वाळत घालत होतो. रूपाली एकदम म्हणाली, 'पण बरं झालं घेतलंस. व्हॉट्सअॅप आमच्याकडे रोज तपासतात. साधे मेसेज कोणी उघडत नाही.'

मला त्याचा अर्थ कळायला हवा होता. तिचा फोन कायम स्पीकरवर असायचा, मागे नवसाबाईंचं खोकणं ऐकू यायचं. मी समजले, सासू जरा कडक आहे. आणि मी काय बोलले माहीत आहे? मी म्हणाले, 'कर ना मेसेज. पण ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणं बंद कर. मला वाचवत नाही. नीट देवनागरीत लिही, नाहीतर मी उत्तर देणार नाही.'

'बरं बाई मास्तरीण,' ती म्हणाली.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, 'आई, अजून थोडे दिवस राहते.' तू म्हणालीस, 'नांदत्या पोरी अशा राहत नसतात. लोक इचारतात.' आणि तूच तिला एसटीने सिन्नरला नेऊन सोडलंस. मी ओट्यावर उभी होते. एसटी दारावरून जाताना तिने खिडकीतून ईश्वरीचा हात हलवला. मी काही बोलले नाही. माझं घर नव्हतं ते, मी मध्ये कशी बोलू, असं मनात म्हणाले.

आता पुढचं.

त्या फोनवर मराठी अक्षरं दिसत नाहीत, मावशी. नुसते चौकोन येतात. हे मला पावसाळ्यात कळलं. जाहिराती, सरकारी सूचना, सगळ्यांचे चौकोन. तक्रार करावी असं वाटलंसुद्धा नाही. उलट हायसं वाटायचं, की वाचताच येत नाही, म्हणजे उत्तर द्यायला नको, विचार करायला नको. रूपालीला मी काय बजावलं होतं ते तोवर विसरून गेले होते.

पोळ्याच्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला. नाव दिसलं, खाली चौकोनांच्या ओळी. मी प्रूफ वाचत होते. पोळ्याच्या शुभेच्छा असतील, बैलांची चित्रं असतील, असं समजून फोन उलटा ठेवला. संध्याकाळी साडेसातला आणखी एक आला. तो लहान होता. तीन चौकोन, थोडी जागा, दोन चौकोन, आणि शेवटी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह दिसतं त्या फोनवर, मराठी अक्षरं तेवढी दिसत नाहीत.

मी प्रूफं वाचते, मावशी. दिवसभर हेच करते. शुभेच्छांच्या शेवटी प्रश्नचिन्ह येत नाही हे माझ्याइतकं कोणाला कळावं? ते माझ्या डोळ्यांना खटकलं होतं. खटकलं, आणि मी म्हणाले, आज शुक्रवार आहे, उद्या संध्याकाळी फोन करू. वहीतला नियम.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला, रूपाली शेततळ्यात सापडली म्हणून.

दहाव्याला तू मला कवटाळून बसली होतीस. 'हर्षे, कोणाला एका शब्दानं बोलली नाय गं. तुला तरी बोलली होती का काही?' मी म्हणाले, 'नाही मावशी.' शब्दशः ते खोटं नव्हतं, मी काही वाचलेलं नव्हतं. ही पळवाट मी त्याच क्षणी शोधली, तुझं डोकं माझ्या खांद्यावर असताना. तू डोळे पुसलेस आणि म्हणालीस, 'म्हणजे सुखातच होती. पाण्याचा पाइप बघायला गेली आन् तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावरनं पाय घसरला.' शेजारून नवसाबाई लगेच म्हणाल्या, 'सुखात म्हंजी काय, आमी तिला फुलासारखी ठेवली व्हती.' पुढे महिन्याभरात त्याच म्हणाल्या की लेकराला परक्या बाईपेक्षा सख्ख्या मावशीची माया लागेल. आणि तू म्हणालीस, माहितीतलं घर आहे, एक पोरगी तिथं सुखानं नांदली.

नांदली हे तू माझ्या 'नाही'वरून ठरवलंस. एकट्या माझ्याच नाही, पण माझ्याही.

पंधरा दिवसांपूर्वी स्नेहलचा प्रेसवर फोन आला होता. 'ताई, मी नाही म्हटलं तर ईश्वरी त्यांच्याकडेच जाईल ना? मग मला ती दिसणार पण नाही.' मी विचारलं, 'तुला करायचंय का?' ती म्हणाली, 'मला कुठे कोणी विचारलंय?' मग हसली आणि म्हणाली, 'तू विचारलंस, थँक्यू.' एकोणीस वर्षांची आहे ती.

दोन्ही मेसेज मी पुसले नव्हते. ते वाचण्याचा मार्ग आहे हेही मला सप्टेंबरपासून माहीत होतं. प्रेसवर अक्षरजुळणी करणारा अमोल एकदा बोलता बोलता म्हणाला होता, 'ताई, चौकोन आले तर मला फॉरवर्ड करा, माझ्या फोनवर अक्षरं दिसतात.' इतकं सोपं. दोन महिने मी ते केलं नाही. वाचलं नाही तर तो शुभेच्छांचा मेसेज राहू शकत होता.

तुझा कागद आला आणि शुक्रवारी मी ते दोन्ही अमोलला पाठवले. त्याने फोन पाहिला, खुर्ची मागे सरकवली आणि फोन माझ्यापुढे टेबलावर ठेवला. 'मी पहिली ओळ वाचली ताई. पुढचं नाही वाचलं,' म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

खाली जसंच्या तसं उतरवते. एक वाक्य गाळावं असं फार वाटलं. तुझ्यासाठी, असं स्वतःला सांगत होते. पण दुसऱ्याच्या मजकुरातलं गाळायचं नसतं.

पहिला:
'ताई मी ईश्वरीला घेऊन दोन दिवस तुझ्याकडे येऊ का. इथे आता राहवत नाही. काल यांनी फोन फेकला तो माझ्या कानाला लागला, ऐकू कमी येतंय. आईला सांगू नकोस. ती परत आणून सोडेल. तू हो म्हण मी सकाळच्या गाडीने निघते. देवनागरीत लिहिलंय बघ.'

दुसरा:
'येऊ का?'

एवढंच आहे. तिने एकही वेलांटी चुकवलेली नाही.

पाय घसरला की काय झालं, ते यात नाही. मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं मी कोणाला सांगणार नाही. सकाळच्या गाडीने निघायचं म्हणत होती, एवढं मात्र यात आहे. फोन, सिमकार्ड आणि अमोलने काढून दिलेले छापील कागद माझ्याजवळ आहेत. त्याच्या एका वकील नातेवाइकांना उद्या दाखवणार आहे. ते पोलिसांकडे जा म्हणाले तर जाईन. तुला किंवा काकांना विचारायला थांबणार नाही.

ईश्वरीचं काय, हे मला समजत नाही. दोन रात्री तेच उलटसुलट करते आहे. दीपकभावोजी तिला नेतील, कदाचित आपल्याला भेटूही देणार नाहीत. मी काही करू शकेन की नाही, ठाऊक नाही. तू मला शिव्या देशील तेव्हा हेच म्हणशील, की नात हातातून घालवलीस. ते खरं ठरू शकतं. तरी तिला सांभाळायला त्या घरात आणखी एक मुलगी पाठवायची, हे मला गप्प राहून होऊ द्यायचं नाही. एकदा गप्प राहून झालं आहे.

मी तुझ्यावर सगळं ढकलते आहे असं वाटेल. 'परत आणून सोडेल' हे वाक्य तुला आयुष्यभर पुरेल, हे मला कळतं. माझ्या वाटणीचंही मला तसंच आहे. ती तुला भीत होती आणि माझ्यावर तिचा विश्वास होता, आणि दोघींकडून तिला तेच मिळालं.

आणखी एक सांगायचं राहिलं. हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे, शब्दाला शब्द तेच. दुसरी प्रत स्नेहलच्या नावाने तिच्या कॉलेजच्या पत्त्यावर उद्या सकाळीच पाठवते, ही तुझी त्यानंतर दोन दिवसांनी. हे तुझ्या हातात पडेल तोवर तिने वाचलेलं असेल. तू वाचून चुलीत घालशील आणि तिला काही सांगणार नाहीस, अशी शंका मला आली. तुझ्याबद्दल अशी शंका घ्यावी लागली याचं वाईट वाटतं, पण घेतली. तिला वेगळ्या चिठ्ठीत एवढंच लिहिलं आहे की माझ्या खोलीची एक किल्ली घरमालकीण वत्सलाबाईंकडे असते. कधीही ये, मला विचारू नकोस, मेसेज करू नकोस, सरळ ये. ईश्वरीला घेऊन आलीस तरी चालेल.

तिला न्यायला येणार असशील तर मावशी, आधी माझ्याशी बोलावं लागेल. मी दारात असेन.

तूच जिला लिहायला शिकवलंस ती,
हर्षाली