वाटोळ्या गृहस्थाचे अन्न

२ नोव्हेंबर
स्वस्ति श्री! सकलसंधिवातपीडितमुकुटमणी, काष्ठदण्डधारी, अर्धचषकचहाव्रती, स्वेच्छानिवृत्त संस्कृताध्यापक श्रीमान सुहासपंत यांनी आज सहधर्मचारिणी रेणुकेसह पवनानगरी पुण्यप्रवेश केला. वाहन: सोपानची जीप. सहप्रवासी: अकरा माणसे, एक बोकड. घर टुमदार, खिडकीत धरण, न्हाणीघरात पुरुषभर आरसा. गुडघे मात्र पूर्ववत सुजलेले.

९ नोव्हेंबर
लोणावळ्याच्या डॉक्टर राजेश्वरीबाईंनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. बजावले की महिन्याने येऊन दाखवा; मात्रा त्या पायरीपायरीने उतरवतील. गोळी आयती मिळू लागली की शरीर स्वतःचे तसले द्रव्य करणे सोडते. एकाएकी थांबलात तर जिवावर बेतेल. मी म्हणालो, शरीराने धन्याचाच आळस उचलला. बाई हसल्या नाहीत.

१२ नोव्हेंबर
चमत्कार! काठी माळ्यावर. लोहगडवाडीचा चढ पायी चढलो आणि तीन प्लेट भज्यांचा संहार केला.

२० जानेवारी
बाईंकडे जायचे राहिले. गुणकारी वस्तूची चौकशी कशाला? औषधवाला जुन्याच कागदावर देतो. भूक भीमाची, निद्रा परागंदा, मुख पौर्णिमेच्या चंद्रासारखे. सोपान म्हणाला की भाऊ, तुमी लय भरलाय, वळकूच येईना, हितलं पानी मानवलं व्हय! रेणुका त्या गालांकडे पाहून हसली. माझ्या बसक्या गालांकडे पाहून सव्वीस वर्षांत ती अशी कधी हसली नव्हती.

२ फेब्रुवारी
आरशातला वाटोळा गृहस्थ मी नव्हे. त्याने माझा चष्मा लावला आहे. रेणुका त्याला शिरा करून घालते, त्याची पाठ चोळते, थोडं झोपा ना हो म्हणून विनवते. मी शिरा मागितला की पूर्वी साखर महाग असे.

७ फेब्रुवारी
उपाय सापडला. गोळी हे त्याचे अन्न. आजपासून बंद. रेणुकेला कळवलेले नाही. ती त्याच्या पक्षाची.

९ फेब्रुवारी
रेणुका बहिणीकडे सुदुंबऱ्याला गेली. निघताना त्याच्या गालावरून हात फिरवला. त्याच्या. ओकाऱ्या. उभा राहिलो की खोली फिरते. तो वाळत नाही— मीच—

१० फेब्रुवारी
भिंत धरून न्हाणीघरात. तो तसाच गुबगुबीत, पण ओठ पांढरे. मी भ्यालो. तोही. त्याचे अन्न तोडले, तर माझे पोट का—

११ फेब्रुवारी
रेणुकेला फोनवर सारे सांगितले. रडली. म्हणाली की तो तुम्हीच हो, हट्टी माणसा. तुम्हालाच शिरा घालत होते मी. डॉक्टरबाईंना विचारून पुन्हा फोन केला— गोळी आत्ता घ्या, मग थेट इस्पितळ. सोपान जीप घेऊन निघालाय.

मलाच. सव्वीस वर्षांनी—

गोळ्यांची पट्टी हातात आहे. गोळी दिसते, निघत नाही. बोटांत जोर— आजाऱ्याच्या वस्तूस असला वज्रलेप कागद कोणत्या हेतूने? कात्री आरशापाशी. तिथवर जाणे नाही. उत्पादकांस सविस्तर तक्रार लिहावी, तर पत्ता इतक्या बारीक अक्षरांत की—