अस्मिताचे आठशे फोटो

१ सप्टेंबर २०२५
आले बाई एकदाची! मुरगूडची मी आता राजारामपुरीची सून. फ्लॅट झकास, उजेड नुसता मावत न्हाय. शार्दूल सकाळचा चहा स्वतः करून देतो, माझे लाड काय विचारू नका. एकच खुपतं. चहा झाला की तो कॉम्प्युटरवर अस्मिताचे फोटो बघत बसतो. त्याची पहिली बायको, दोन वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेली. तिचे आठशे फोटो. आमच्या लग्नाचे चाळीस.

८ सप्टेंबर
पुढच्या सोमवारी अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, अहेवपणी गेलेल्या बाईचं त्या दिवशी पान वाढतात. पुरण मी घालायचं आणि फोटो तिचा मोठा करून आणायचा, असं शार्दूल म्हणाला. डोळे भरले होते त्याचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! तो क्लासवर शिकवायला गेला तसा तिचा फोल्डर कायमचा डिलीट केला. रागात बघितलंच न्हाय, शेजारचा माझ्या लग्नाचाही सिलेक्ट झाला होता. गाढव मी!

९ सप्टेंबर
कॉम्प्युटरच्या दुकानातली स्वप्नाली म्हणाली, फाइल लगेच जात न्हाय, तिची जागा फक्त मोकळी होते. तिथं दुसरं काही बसायच्या आत परत आणायची, पण पेन ड्राइव्हवर उतरवायची, त्याच डिस्कवर न्हाय. सॉफ्टवेअर दिलं. यादीत सगळे दिसले. मी माझे चाळीसच निवडले, तिचे कशाला आणू? पेन ड्राइव्ह भरलेला निघाला, शार्दूल यायची वेळ झालेली, म्हणून त्याच डिस्कवर उतरवले.

१० सप्टेंबर
चाळीसही आले. शालू माझा, मांडव मुरगूडचा, बाबांच्या डोळ्यांत पाणी. तोंड मात्र तिचं. एकूण एक फोटोत तिचं! माझ्या लग्नात पण हिलाच मिरवायचं व्हय?

१२ सप्टेंबर
बाबांना फोन केला. म्हणाले, अस्मिता, आवाज का गं बसलाय? मी नंदिनी, म्हटलं. कोण नंदिनी, म्हणाले. माझा बापसुद्धा घेतला तिनं.

१४ सप्टेंबर
शार्दूल माझ्याशी बोलत न्हाय. चहा दोन कप करतो. एक त्याचा. दुसरा— मला देत न्हाय.

१५ सप्टेंबर
पान वाढलंय. फोटोला हार. फोटो माझा— आणि शार्दूल हुंदके देऊन रडतोय. माझ्यासाठी! हेच तर पाहिजे होतं की मला—

स्वयंपाकघरातून ती आली. माझा शालू नेसून. आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्या फोटोकडं. जळतीय ती. माझ्यावर.

तो हात धुवायला उठला. ती कॉम्प्युटरपाशी— माझे सगळे निवडले— अगं नको गं, एवढा तरी रडू दे त्याला माझ्यासाठी— बोट बटणाव—