नागूरच्या दर्ग्यातलं एकमजली घर

आई, आम्ही इथे हूफडॉर्पमध्येच घर विकत घ्यायला निघालोय. भाड्याचं घर मालकाला परत हवंय. या खेपेला जमलं नाही तर गावच सोडावं लागेल, म्हणजे तुझ्या नातीची शाळा आणि मैत्रिणीही. ती आठवडाभर माझ्याशी डचमध्ये बोलतेय. रागावली की तिचं असं होतं, तुझं तमिळ सुरू व्हायचं तसं.

इथे घरासाठी बोली लावतात आणि सोबत मालकाला पत्र जोडतात: आम्ही किती सज्जन, तुमची बाग कशी जपू. आधीच्या खेपांना मी बागेबद्दल लिहिलं. बागा दुसऱ्यांना मिळाल्या. या वेळी मालकीणबाई वृद्ध आहेत, भिंतीभर जुने नकाशे. म्हणून तुझ्या नागपट्टणबद्दल लिहिलं. कावेरीचे फाटे, इथल्यासारखीच सपाट जमीन, फक्त तिथे समुद्र जमिनीपेक्षा उंच नाही. कोळ्यांच्या होड्या, तंजावरच्या राजामागून गेलेली तुझी मराठी माणसं, डचांचा किल्ला. शेवटी लिहिलं, ‘तुमची माणसं आमच्या गावात शंभरावर वर्षं राहिली, तीही बोली न लावता. आम्ही निदान लावतोय.’ नवरा म्हणाला, “शेवटचं काढ.” मी मधलं एक वाक्य काढलं.

ते पाठवलं आणि नागपट्टणजवळचा नागूरचा दर्गा आठवला. पुण्यात आपण काकांकडे एका खोलीत राहत होतो, तिथे सगळे तुझ्या मराठीला हसायचे. सुट्टीत माहेरी आलीस की तुझी बडबड थांबायची नाही. दर्ग्याबाहेरच्या दुकानात चंदेरी पत्र्याचे पातळ तुकडे टांगलेत. कुठे हात उठवलेला, कुठे डोळा, होडी, घर. ज्याला जे हवं ते घेऊन त्याने आत वाहायचं. मी विचारते, “आपण हिंदू ना?” तू सर्वांत उंच मनोऱ्याकडे बोट दाखवतेस. “तो तंजावरच्या मराठी राजानं बांधलाय. त्याला कुणी विचारलं नाही, आणि तू मला विचारतेस.” मी दुमजली घर उचलते. तू ते परत टांगून एकमजली घेतेस. “झाडता येईल तेवढंच मागावं.” मला हसू येतं. “हसायचं तर बाहेर हस. आत सगळे मागायला आलेत.”

पुढे कोथरूडला दोन खोल्या मिळाल्या. तू दोनदा झाडायचीस.

इथे तसला पत्रा मिळत नाही. काल सुपरमार्केटच्या लझान्याचा ॲल्युमिनियमचा ट्रे धुतला आणि कात्रीनं घर कापलं. मुलगी बघत होती. मी सगळं सांगितलं. तिनं डचमध्येच विचारलं, “पण हे द्यायचं कुणाला?” मी म्हटलं, इथे आपली कुठल्याच देवाशी ओळख नाही. तिनं ते उचललं, सायकल काढली आणि थेट मालकीणबाईंच्या दाराच्या टपालफटीतून आत सारून आली.

“टाकलं,” म्हणाली. मराठीत.

उद्या दलालाचा फोन येईल. बाईंना आम्ही वेडे वाटलो तर संपलंच. त्यांचं पत्र गेलं, तुझ्या या पत्राला आता पत्ता नाही, ते इथेच राहील. एवढंच सांगायचं होतं: घर मी तीनमजली कापलंय. झाडायचं बघू.